संकासुर घरी बसतो तेव्हा

दशावतारातल्या माणसाला घरी बसणं कोणी शिकवायला नको. तुळशीचं लग्न झालं की तो घराबाहेर पडतो, वैशाखापर्यंत गावोगावी रात्रभर राजा, राक्षस नाहीतर राणी होतो आणि मृग लागला की चिखलात उभा राहून तरवा लावतो. कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या आमच्या गावात पावसाळा म्हणजे सोंगांची सुट्टी, पण ती नावापुरतीच. मुकुटाची निघालेली बेगड याच दिवसांत चिकटवली जाई, पायपेटीच्या भात्याला ठिगळ लागे, मृदंगाच्या वाद्या ताणल्या जात.

खरं काम चाले ते श्रावणात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते रंग लावता लावता ठरतं, प्रसंगांचा क्रम तोंडी सांगितला जातो आणि भाषणं ज्याची त्याने उभ्या उभ्या करायची. त्या भाषणांचं भांडवल येतं पोथ्यांतून. श्रीधरस्वामींनी १७०२ साली ‘हरिविजय’, १७०३ साली ‘रामविजय’ आणि १७१२ साली ‘पांडवप्रताप’ पुरा केला. तेव्हापासून या पोथ्या घरोघर लागतात. आजी ओटीवर पोथी लावी. काका खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत. आम्हा पोरांना वाटे, त्यांना झोप लागली. पुढे माघातल्या जत्रेत त्यांची द्रौपदी भर सभेत बोलायला लागली की श्रावणात ऐकलेली एकेक ओवी गद्याचे कपडे घालून बाहेर पडे.

म्हणून २०२० साली करोनाच्या साथीत कलावंतांनी आता घरून काम कसं करायचं, याची चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तिचं नवल वाटलं नाही. घर ही त्यांची जुनीच तालीमखोली. शिवाय साथीत सापडलेल्या जत्रांच्या दोन गोष्टी त्यांच्या पोतडीत आधीपासून होत्या.

पहिली गोष्ट पणजोबांची. ती आजीने आपल्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आणि आम्ही आजीच्या.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी बंदराजवळ गाठीचा ताप दिसला. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. कोकणातल्या गिरणी कामगारांना घरची वाट ठाऊक होती. आगबोटी भरभरून ते बंदरांवर उतरू लागले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगाचा कायदा आला आणि माणसं तपासणं, घरं रिकामी करणं, जमाव रोखणं हे सगळं सरकारच्या हाती गेलं. आजी सांगे, बंदरावर डॉक्टर उतारूंची काख चाचपून बघे, आणि गावात उंदीर मरून पडला की अख्खी वाडी उठून माळावर जाई. माडाच्या झापांच्या खोपी, त्यातच चूल, त्यातच देव्हारा.

आमच्या मंडळीकडे गावच्या देवळाचा काला होता. काला म्हणजे ठरलेल्या तिथीला देवापुढे रात्रभर दशावतार आणि पहाटे दहीहंडी. तो मान पिढीजात, आणि मान म्हटला की चुकवण्याची सोय नाही. जत्रा भरायची नाही असा हुकूम आला तेव्हा मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. कौल उजवा आला. आता देवाचं मोडता येईना आणि सरकारचंही. पणजोबांच्या मंडळीने मधला मार्ग काढला. दशावताराचे दोन भाग असतात. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्राह्मण आणि शेवटी वेद पळवणारा संकासुर. मग उत्तररात्री आख्यान, ज्यासाठी लोक घोंगड्या घेऊन येतात. त्या साली आख्यान गाळलं. चार मानकरी, एक गुरव आणि सहा-सात सोंगं, एवढ्यांत आडदशावतार झाला, हंडी फुटली आणि उजाडायच्या आत सगळे आपापल्या खोपीत परतले.

संकासुर ही भारी चीज आहे. अंगात काळा पायघोळ पोशाख, डोक्यावर उंच टोपी, तोंडावर काळं फडकं, आणि जिभेला हाड नाही. बाकीची सोंगं पुस्तकी मराठीत बोलतात, हा मालवणीत. गावात वर्षभरात जे बोलायची चोरी असते ते सगळं हा बोलून घेतो. प्लेगच्या साली ब्राह्मणाने त्याला विचारलं, तुझी तपासणी झाली का रे? संकासुराने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, “खाकेत गाठ नाय रे भटा! गाठ माझ्या पंचाक आसा, पण तेतूर पैसो नाय!” ही गोष्ट सांगताना आजी स्वतःच्या पदराची गाठ वर करून दाखवी आणि इतकी हसे की पुढचं वाक्य आम्हाला थांबून घ्यावं लागे.

तिला त्यात विनोद दिसे. मला आता त्यात हिशेब दिसतो. आख्यान गाळलं म्हणजे प्रेक्षक गाळले, प्रेक्षक गाळले म्हणजे दुकानं नाहीत, दुकानं नाहीत म्हणजे देवस्थानाची मिळकत नाही आणि मंडळीला नारळापलीकडे काही नाही. विधी तगला, विदाई बुडाली.

त्याच प्लेगने मुंबईतलं एक मोठं कलेचं बिऱ्हाड हलवलं. राजा रविवर्म्याचा चित्रांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला होता. साथीमुळे तो १८९९ साली लोणावळ्याजवळच्या मळवलीला नेला. शिळा, यंत्रं, कारागीर सगळं घाटावर चढलं आणि तिथून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं देशभर जात राहिली. माणसं देवळात जमायला भीत होती त्या वर्षांतही छापलेला देव घरोघर पोचत होता. आमच्या माजघरात अशीच एक कमळावरची लक्ष्मी होती, कडेने वाळवी लागलेली. काका स्त्रीपार्ट करायला लागले तेव्हा पदर कुठून घ्यायचा, हात किती उचलायचा, मान किती कलती ठेवायची हे ते त्या तसबिरीपुढे उभं राहून शिकले, असं तेच सांगत. छापखान्याला मात्र दशावताऱ्याला नसलेली एक सोय होती. त्याचा माल गिऱ्हाइकाकडे पाठवता येत होता.

दुसरी गोष्ट आजीच्या स्वतःच्या डोळ्यांपुढची. १९१८. तेव्हा ती दहा वर्षांची असावी. त्या साली पाऊस दगा देऊन गेला आणि भात अर्धं पोटरीतच वाळलं. भाद्रपदानंतर मानमोडी आली. इन्फ्लुएंझाच्या या दुसऱ्या लाटेने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. प्लेगाला निदान पळून चुकवता येत असे. मानमोडीला माळ आणि गाव सारखेच. ती आली दिवाळीच्या सुमारास, म्हणजे नेमकी हंगाम उभा राहायच्या वेळी. मंडळीतली चांगली चार माणसं गेली. त्यात संकासुर करणाराही गेला.

पणजोबा मृदंग वाजवत. आपणही वाचू याची त्यांना खात्री नव्हती. त्यांनी बारा वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, शिकवायची घाई केली. पण घरात सुतक. मृदंगाला हात लावायचा नाही. मग जेवायला बसायचा फणसाचा पाट उलटा घातला आणि त्यावर बोल सुरू झाले. डाव्या कडेला धुमा, उजव्या कडेला शाई, असं मानून चालायचं. सुतक फिटेपर्यंत मुलाचा हात बसला होता, कानाला आवाज मात्र ठाऊक नव्हता. पहिल्यांदा खऱ्या मृदंगावर थाप पडली तेव्हा तो स्वतःच दचकला, असं आजी लग्नानंतर नवऱ्याला चिडवण्यासाठी सांगे.

त्या वर्षी दोन-दोन सोंगं एकाच माणसाने केली. रिद्धी आत जाऊन सरस्वती होऊन येई. संकासुराचा पोशाख कोणीतरी चढवला, पण बोलायचं धाडस कोणालाच होईना. कारण ती भाषणं कुठे लिहिलेली नव्हती, गेलेल्या माणसाबरोबरच ती गेली होती. १९१८-१९च्या हंगामात आमचा संकासुर मुका होता. नुसता मृदंगावर नाचे आणि मत्स्यावताराच्या हातून मरे. लोकांनी तेही गोड मानून घेतलं. अर्ध्या घरांत कोणी ना कोणी गेलेलं होतं, हसायची घाई कोणालाच नव्हती.

मग आला २०२०चा गुढीपाडवा. २५ मार्च, टाळेबंदीचा पहिला दिवस. चैत्र-वैशाख हा दशावताराचा सुगीचा काळ. जत्रांबरोबर सत्यनारायणाच्या पूजा, वास्तुशांती, मंडळांचे वर्धापनदिन, आणि सुट्टीला आलेले चाकरमानी. सगळ्या तारखा एका रात्रीत कोऱ्या झाल्या. माझा पुतण्या, म्हणजे काकांचा नातू, आमच्या घरातला सध्याचा संकासुर. हंगामाआधी मंडळीच्या मालकाकडून घेतलेली उचल अजून फिटायची होती. तो बाकीच्यांसारखाच कोकमं फोडायला आणि काजू वाळवायला बसला.

शहरातली नाटकाची माणसं तोवर पडद्याकडे वळली होती. हृषीकेश जोशी यांनी त्या जुलैत ‘मोगरा’ हे नाटक ऑनलाइन सादर केलं. अभिनेत्री आपापल्या घरातून काम करत होत्या, प्रेक्षक तिकीट काढून आपापल्या घरी बघत होते, आणि या प्रकाराला नाव मिळालं ‘नेटक’. मंगळागौरीच्या आसपास आमच्या पुतण्यानेही ठरवलं, खळ्यात दशावतार करायचा आणि मोबाइलवरून दाखवायचा.

अडचणी लगेच उभ्या राहिल्या. गावात रेंज नाही. ती सापडते वरच्या सड्यावर, आणि तिथे पावसात पायपेटी नेणार कोण? तेव्हा खळ्यात चित्रीकरण करायचं आणि सड्यावर जाऊन पाठवायचं असं ठरलं. रंग हा दुसरा पेच. देवळाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला भुवई दिसावी म्हणून जो रंग लावायचा, तो हातभरावरच्या कॅमेऱ्यात भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा दिसायला लागला. तो हलका केला. रात्रभराचं आख्यान कोण बघणार, म्हणून ते पाऊण तासात बसवलं. लांब युद्धनृत्य गेलं, राजाचा दरबार गेला, भांडण आणि शोक राहिले.

हे सगळं जमलं. जमेना ते एकच. संकासुर एक वाक्य टाकतो आणि थांबतो. त्या थांबण्यात जत्रा हसते, कोणीतरी मागून उलट उत्तर देतं आणि त्या उत्तरातून त्याचं पुढचं वाक्य निघतं. खळ्यात तो थांबला की बेडूक ओरडत. दोन वाक्यांनंतर त्याची गाडी अडली. शेवटी मृदंगावर बसलेल्याने ते काम अंगावर घेतलं. तोच हसे, तोच टोमणा मारे, तोच हुंकार देई. ब्राह्मणाने जेव्हा “अरे, मास्क लाव,” असं बजावलं, तेव्हा संकासुर काळ्या फडक्याआडून उसळला, “माका तोंड झाकूक सांगतंस? मी जल्माक इलंय तोच तोंड झाकून!” हे वाक्य त्याने आधी योजलं नव्हतं. मृदंगवाला खरोखरच हसला आणि ताल चुकला. तो चुकलेला ताल त्यांनी तसाच ठेवला. मुंबईत, दुबईत अडकलेल्या गाववाल्यांनी ती चित्रफीत एकमेकांना पाठवली. वाहवा पुष्कळ मिळाली. पैसे काही मोजक्या लोकांनी पाठवले.

घराला रंगमंच करण्याचा प्रयोग आमच्या शेजारी आधीच झाला होता. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात ठाकर समाजाच्या कलांचं संग्रहालय उभं केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे आहेत. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजाश्रय संपला, देवळांतली बोलावणी आटली, तेव्हा या माणसाने प्रेक्षकालाच घरी आणलं. घरी राहून कला पोट भरू शकते ती अशी, दारात कोणीतरी आल्यावर. साथीत दारच बंद.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं, विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलवरचा दशावतारही अंधारात गेला. नाट्यगृहं त्या ऑक्टोबरात उघडली. जत्रा पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागला. सरकारने एकल कलावंतांना ५,००० रुपयांची एकदाच मदत जाहीर केली. अर्ज करताना कलावंत असल्याचा पुरावा लागे. पुतण्याने त्या खळ्यातल्या चित्रफिती जोडल्या. त्याच्या कामाचा दाखवण्याजोगा पुरावा पहिल्यांदाच तयार झाला होता.

त्या चित्रफितींनी आणखी एक काम केलं. ऐंशी ओलांडलेल्या काकांना नातवाने खळ्यात बसवलं आणि तारामतीचं स्मशानातलं भाषण बोलून घेतलं. १९१८ सारखा संकासुर पुन्हा मुका होऊ नये, हा त्याचा विचार. काकांनी भाषण केलं. त्याने पुन्हा एकदा करायला सांगितलं, आवाज नीट आला नव्हता. काकांनी दुसरंच भाषण केलं. तिसऱ्यांदा तिसरं. यातलं खरं कुठलं, असं त्याने वैतागून विचारलं. काका म्हणाले, “बाबा, ही झाली आजची रात. उद्या समोर कोण बसतलो ता बघून मी वेगळाच बोलतलंय.”

नातवाने तिन्ही ठेवली आहेत. नवीन पोरं ती ऐकतात, आणि ऐकून आपलं चौथं करतात, तेव्हा चित्रफितीचा उपयोग नाही असं कोण म्हणेल? पोथी, उलटा पाट आणि मोबाइल या तिघांनी आपापल्या साली शब्द आणि ताल घरात सांभाळले. पुढच्या साथीतही दशावतारी असंच काहीतरी शोधून काढील, त्याची मला काळजी नाही. पण पंचाच्या गाठीत पैसा येतो तो जत्रेतूनच. १८९७ पासून जत्रा बंद करण्याचे हुकूम निघत आले आहेत, आणि त्या रात्रीची विदाई कोणी द्यायची हे त्यांतल्या एकानेही सांगितलेलं आमच्या घरातल्या कोणाच्या ऐकण्यात नाही.