रेव्हरंड टिळकांची परतीची वाट

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन टिळक दिले. त्यांपैकी एकाचे जन्मस्थान या शहरातच असून त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. दुसरे टिळक म्हणजे १८६१ साली याच जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले नारायण वामन टिळक. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना पाठ्यपुस्तकांतून ओळखतो. परंतु त्यांच्या धर्मांतराचा विषय निघाला, की आपले बोलणे थोडे अडखळते. एका पक्षाला वाटते, की १८९५ साली हा मनुष्य आपले घर सोडून गेला. दुसऱ्या पक्षाला वाटते, की त्या साली तो मुक्कामाला पोहोचला. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी चुकतात. टिळकांचा प्रवास १८९५ मध्ये संपला नाही. त्याचे दुसरे आणि अधिक अवघड वळण १९१७ मध्ये आले, आणि ते वळण परतीचे होते.

पहिले वळण सर्वश्रुत आहे. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या. वडील मात्र कडक आणि तापट. आई लवकर गेली, मुलगा घराबाहेर पडला, नाशकास संस्कृत शिकला, आणि पुढे पोटासाठी व मनाच्या अस्वस्थतेपायी गावोगाव हिंडला. जातिभेदाने आणि कर्मकांडाने त्याचे समाधान होईना. स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत विचार गेला होता. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्याने बायबल वाचावयास दिले. कवितेवर जीव असलेल्या या वाचकाला ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही, स्वतःच्या इच्छेप्रमाणे, एका भारतीय पाळकाच्या हातून. ही लहानशी अट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यात बीजरूपाने आहे.

या वळणाची किंमत त्यांच्यापेक्षा अधिक लक्ष्मीबाईंनी मोजली. सुमारे साडेचार वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ आल्या त्या सोवळे-ओवळे सांभाळूनच. पण जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला, आणि उत्तरही त्यांनी स्वतःच शोधले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे कोणाचीही भीड न बाळगता सांगितले आहे. पतीचा लहरीपणा आणि त्याची थोरवी त्यांनी एकाच तराजूत तोलली आहे.

अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) टिळक मिशनच्या कामात रुळले. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मराठी साहित्याने त्यांना दूर लोटले नव्हते. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, तेव्हा तेही त्यात सहभागी होते, आणि बालकवी ठोंबरे तर त्यांच्या घरात मुलासारखे राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्थिर आणि सफल आयुष्य वाटावे.

परंतु कवीची अडचण निराळीच होती. त्या काळच्या प्रार्थनामंदिरांत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणावर म्हटली जात. मनुष्य मराठी, दुःख मराठी, आणि देवाशी बोलणे मात्र परक्या वळणाचे! कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधी पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. त्यांनी अभंग रचले, भजने रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते म्हणत. ज्या पुलावरून आलो तो मोडावयाचा नसतो, हे त्यांना जसजसे उमगत गेले, तसतसे त्यांचे काव्य अभंगाच्या अधिकाधिक जवळ गेले. यात नवे धाडस होते असेही नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेही मराठी ओवीतच. त्याच ओवीत टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ आरंभिले.

केवळ छंद बदलून मात्र ही गोष्ट थांबणार नव्हती. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनी येथे भावंडे म्हणून एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. तिचा अर्थ नीट पाहावा. ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी स्वतः घरदार पणाला लावले, तो इतरांना शिष्यत्वाची अट म्हणून घालावयास ते आता तयार नव्हते. येथे ख्रिस्तश्रद्धा सुटली नाही. उलट ती संस्थेच्या आवरणातून बाहेर काढून, प्रथम ज्या स्वरूपात ती मनाला भिडली होती त्या स्वरूपाकडे ते परत गेले. या परतण्यानेच आपला देश, आपली भाषा आणि आपले संत त्यांना पुन्हा पूर्णपणे आपले म्हणता आले.

हा दरबार टिकला का? नाही. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांचे देहावसान झाले आणि दरबाराचा प्राणही त्यांच्याबरोबर गेला. एका मनुष्याच्या तेजावर उभारलेल्या कार्याचे बहुधा असेच होते. टिळकांना संघटना साधत नसे, हा दोष मान्य केला पाहिजे. परंतु त्यांचे दोन वारसे उरले. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही त्यांची भजने गातात. आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. जिला एकेकाळी हा धर्म म्हणजे संसारावरची आपत्ती वाटली होती, तिनेच त्या ग्रंथाचा बहुतांश भाग लिहिला. १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

टिळकांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला नेल्या गेल्या. धर्म बदलला की मनुष्य परका झाला, हा समज समाजात आहे. परके झाल्याशिवाय नवा धर्म खरा ठरत नाही, हा समज त्या काळच्या धर्मसंस्थांतही होता. या दोन्ही समजांना टिळकांनी वादाने उत्तर दिले नाही, आयुष्याने दिले. त्यांचा ख्रिस्त स्वीकारणे हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण त्यांना आपले म्हणणे हा रत्नागिरीकरांच्या न्यायबुद्धीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर द्यावयास आपण पुष्कळ उशीर केला आहे.