कापसाची गाठ आणि काचेचा मनोरा

जागतिकीकरण म्हटले की आपली मंडळी १९९१ पासून हिशोब सुरू करतात. नरसिंह राव, मनमोहन सिंग, परकीय भांडवल वगैरे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशोब जरा तोकडा वाटतो. मुंबईत लोअर परळला ज्या काचेच्या इमारती उभ्या आहेत (आपल्या नात्यातली कितीतरी मुले-मुली तिथेच नोकरीला आहेत!), त्यांची गोष्ट सांगायची तर आमच्या आर्वी-हिंगणघाटच्या काळ्या मातीपासून सुरुवात करावी लागते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा कुठेतरी गुंतवायला हवा, म्हणून समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या सट्ट्याचे राजे. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. युद्ध कुठले आणि बुडाले कोण! मुंबईतल्या जमिनीचा भाव साता समुद्रापलीकडे ठरू शकतो, हा धडा शहराला तेव्हाच मिळाला होता.

कापूस मात्र थांबला नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १९१७ मध्ये आमची पुलगाव-आर्वी नॅरोगेज आली, तीही मुख्यतः कापसासाठीच. इथल्या गाठी त्या छोट्या गाडीने पुलगावला आणि तिथून मुंबईला. हार्बर लाईनवरचे 'कॉटन ग्रीन' स्टेशन आजही त्या बाजाराचे नाव सांगते. काही गाठी बोटीवर चढत, काही परळ-लालबागच्या गिरण्यांत जात.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप विझत गेला, बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. मागे उरली शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन.

नेमके याच सुमारास जगाला मुंबईत कार्यालये हवी झाली. १९९५ च्या आसपास नरिमन पॉइंटची भाडी जगातल्या सर्वांत महाग जागांत मोजली जात. पण तिथल्या इमारती जुन्या, एकेका मजल्याचे मालक अनेक. परदेशी बँकेला किंवा सॉफ्टवेअर कंपनीला लागतो मोठा सलग मजला, एकच मालक, गाड्यांना जागा आणि भरवशाचा करार. असे मोठे, एकहाती भूखंड दोनच ठिकाणी होते. एक, एमएमआरडीएने नव्याने वसवलेले वांद्रे-कुर्ला संकुल आणि दुसरे, गिरण्यांची आवारे.

या जमिनीचे काय करायचे, याचा नियम १९९१ मध्ये झाला होता. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळली! गिरणीत मोकळी जमीन असते किती? सार्वजनिक वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल अडवला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

मार्च २००५ मध्ये बांधकाम क्षेत्र परकीय भांडवलाला जवळपास पूर्ण खुले झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ज्युपिटर मिल २७६ कोटींना विकली गेली. घेणारे इंडियाबुल्स आणि त्यांच्यासोबत अमेरिकेतला फॅरालन हा फंड. तिथे मनोरे उभे राहिले. २०१८ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी कंपनीने त्यात निम्मा वाटा घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये ते मनोरे 'नॉलेज रिॲल्टी ट्रस्ट'मधून शेअर बाजारात आले. या प्रकाराला 'रीट' म्हणतात. अनेक इमारतींचे भाडे एकत्र करून त्याचे बारीक तुकडे विकायचे. म्हणजे पूर्वी कापसाच्या गाठीचे वायदे होत, आता भाड्याचे तुकडे होतात. आपल्यापैकी कुणी शंभर-दोनशे रुपयांत ज्युपिटर मिलच्या जागेत भागीदार होऊ शकतो. तिथे तीस वर्षे साचा चालवलेला मात्र घरासाठी रांगेत आहे. दीड लाखांवर कामगारांनी किंवा वारसांनी म्हाडाकडे अर्ज केले. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी! आता अनेकांना शेलू-वांगणीची घरे दाखवली जातात, परळपासून किती लांब ते नकाशात पाहा.

याचा दोष सगळा परदेशी पैशाच्या माथी मारणे मला पटत नाही. त्या कार्यालयांनी आपल्या मुलांना चांगल्या नोकऱ्या दिल्या, हे खोटे कसे म्हणायचे? पैसा बाहेरून आला, पण वाटणी आपल्याच राज्यात ठरली. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांवर ते सगळे फिरले. नियम १९९१ चाच राहिला असता, तरी मनोरे उभे राहिलेच असते. फक्त शेजारी बागा आणि कामगारांच्या इमारती जास्त असत्या.

हे मुंबईचेच आहे असेही नाही. नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. आमच्या भागातल्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांवर आणि नॅरोगेजच्या जागांवरही कुणाची तरी नजर जाईलच. तेव्हा नियमातले शब्द आधीच नीट वाचायला हवेत, एवढेच म्हणतो.

असो. आपल्या कुटुंबात गिरणीत काम केलेले कुणी असेल, तर त्यांच्या आठवणी जरूर लिहून कळवा.