जंगलातला मुक्काम आणि ७५ वर्षांचा पुरावा

जंगलात फुकट तंबू ठोकायचा म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते. पण आपल्याकडे धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या असेच रानोमाळ उतरत आलेत.

ब्रिटिशांच्या १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं, गुरं चारणं गुन्हा ठरलं. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याला फैलावर घेतलं. आमचं राणीसावरगाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आज मात्र इथंही १९२७ चा वन कायदा चालतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. पण अनुसूचित जमातीत नसाल, तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवा! महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातीत मोडतात. आता सांगा, रोज मुक्काम हलवणाऱ्यानं एका जागेचा कागद आणायचा कुठून?