कार्लेस पुयोल : बार्सिलोनाचा बचावस्तंभ

बार्सिलोना आणि स्पेन यांच्या सुवर्णकाळाची चर्चा निघाली की झावी, इनिएस्टा आणि मेस्सी यांच्या कलात्मक खेळाची आठवण प्रथम होते. या कलावंतांच्या पाठीशी जो बचावपटू दशकभर उभा राहिला, त्याच्याकडे त्यांच्यासारखे पदलालित्य नव्हते. वेग, झुंजार वृत्ती आणि अखंड सावधपणा या भांडवलावर कार्लेस पुयोलने आपल्या पिढीच्या अव्वल बचावपटूंत स्थान मिळवले.

पुयोलचा जन्म १३ एप्रिल १९७८ रोजी कॅटलोनियातील ला पोब्ला द सेगुर या पिरेनीज पर्वताच्या पायथ्याजवळील छोट्या गावी झाला. लहानपणी तो गोलरक्षक होता. पुढे खांद्याच्या दुखापतीमुळे तो आघाडीवर खेळू लागला. १९९५ मध्ये बार्सिलोनाच्या 'ला मासिया' या प्रबोधिनीत त्याला प्रवेश मिळाला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तेथील अनेक मुले त्याच्यापेक्षा कितीतरी लहान वयात दाखल झालेली असत. तेथे मध्यफळीतून मागे सरकत तो उजव्या बगलेचा बचावपटू झाला. १९९८ मध्ये त्याला मलागा क्लबकडे पाठवण्याची बार्सिलोनाची तयारी होती. पुयोलने मात्र जाण्यास नकार दिला.

ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रशिक्षक लुईस व्हॅन गाल यांनी त्याला व्हॅलादोलिदविरुद्ध मुख्य संघातून प्रथम मैदानात उतरवले. पुढच्याच वर्षी लुईस फिगो बार्सिलोना सोडून रिअल माद्रिदकडे गेला आणि २१ ऑक्टोबर २००० रोजी नव्या संघासह कॅम्प नोऊवर परतला. प्रेक्षक संतप्त होते. फिगोला रोखण्याची जबाबदारी पुयोलवर होती. त्याने त्याला सामनाभर डोके वर काढू दिले नाही. बार्सिलोनाने २-० असा विजय मिळवला आणि पुयोलचे नाव घरोघरी पोहोचले.

वैयक्तिक कीर्ती वाढत असली तरी क्लबचे ते दिवस पडझडीचे होते. १९९९ नंतर बार्सिलोनाला लीगचे विजेतेपद थेट २००५ मध्ये मिळाले. २००४ मध्ये लुईस एन्रिके निवृत्त झाल्यावर कर्णधारपद पुयोलकडे आले आणि २०१४ पर्यंत ते त्याच्याकडेच राहिले. या काळात बार्सिलोनाने सहा वेळा ला लिगा आणि २००६, २००९ व २०११ अशी तीन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली. २००९ च्या रोममधील अंतिम सामन्यात डॅनी अल्वेस निलंबित असल्याने पुयोल पुन्हा आपल्या जुन्या जागी, उजव्या बगलेवर खेळला. संघाची गरज पाहून जागा बदलणे त्याच्या अंगवळणी पडले होते.

त्याचे नेतृत्व भाषणांपेक्षा कृतीतून दिसे. एप्रिल २०१२ मध्ये रायो व्हायेकानोविरुद्ध ७-० असा विजय मिळवताना सहकारी गोलनंतर नाचू लागले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा मान राखण्यासाठी त्याने त्यांना जागेवरच थांबवले. २०११ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगचा चषक उंचावण्याचा मान त्याने यकृतातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या एरिक अबिदालला दिला. २०१३ मध्ये लीगचा चषक स्वीकारतानाही त्याने अबिदाल आणि कर्करोगाशी झुंजणारे प्रशिक्षक टिटो व्हिलानोव्हा यांना पुढे केले.

स्पेनकडून तो १०० सामने खेळला आणि त्यात त्याने तीन गोल केले. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमधील रौप्यपदक आणि २००८ चा युरो चषक त्याच्या नावावर आहे. २०१० च्या विश्वचषकात स्पेनने दरबानमध्ये स्वित्झर्लंडकडून सलामीचा सामना गमावला. त्याच मैदानावर ७ जुलै रोजी उपांत्य फेरीत जर्मनीशी गाठ पडली. ७३ व्या मिनिटाला झावीच्या कॉर्नरवर पुयोल मागून धावत आला आणि त्याने जबरदस्त हेडरद्वारे चेंडू जाळ्यात धाडला. तोच गोल निर्णायक ठरला. स्पेनने प्रथमच अंतिम फेरी गाठली आणि नेदरलँड्सला नमवून विश्वचषक जिंकला.

अंग झोकून खेळण्याची किंमत त्याच्या शरीराने चुकती केली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०१२ चा युरो चषक हुकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिस्बन येथे बेन्फिकाविरुद्ध त्याचा कोपर निखळला. २ मार्च २०१४ रोजी अल्मेरियाविरुद्ध त्याने गोल केला आणि दोनच दिवसांनी मोसमाअखेर क्लब सोडण्याचा निर्णय जाहीर केला. गुडघा पूर्वीसारखी साथ देत नव्हता आणि अर्ध्या ताकदीने खेळणे हा त्याचा पिंड नव्हता. बार्सिलोनाकडून ५९३ अधिकृत सामने खेळून त्याने मैदानाचा निरोप घेतला. त्यानंतर काही महिने क्लबच्या क्रीडा विभागात काम करून जानेवारी २०१५ मध्ये तो तेथूनही बाहेर पडला.

व्यावसायिक कारकिर्दीत तो अन्य कोणत्याही क्लबकडून खेळला नाही. पडत्या काळात क्लबला धरून राहिलेल्या या खेळाडूने वैभवाच्या काळात चषक मात्र इतरांच्या हाती दिला. कर्णधार कसा असावा, याचे उदाहरण म्हणून बार्सिलोनाचे चाहते म्हणूनच पुयोलचे नाव घेतात.