उड्डाणानुभव (वैमानिक भरती)

विमान कंपनीच्या भरतीत वैमानिकाच्या आजवरच्या उड्डाणांना मिळणारे मोल. हा अनुभव तासांत मोजतात व लॉगबुकात नोंदवतात. लॉगबुकात रकाने अनेक असतात: प्रमुख वैमानिक (पी-वन), सहवैमानिक, रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांवरचे उड्डाण, एक किंवा अनेक इंजिने. निवड करणाऱ्यांची नजर बेरजेआधी या रकान्यांवर जाते.

मुंबईत वैमानिक होण्याची वाट जुहूहून निघाली. तेथील बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांच्या टपालसेवेचे पहिले विमान जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणले. पुढे मद्रासपर्यंत नेव्हिल व्हिन्सेंट घेऊन गेले. टाटा क्लबात शिकलेले, व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलातले. पुढच्या भरतीचे नागरी व लष्करी हे दोन्ही प्रवाह पहिल्याच फेरीत दिसतात. पुढे क्लबाचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला गेले. बारामती आणि गोंदियालाही प्रशिक्षणसंस्था आहेत.

भारतात व्यावसायिक परवान्याला (सीपीएल) किमान २०० तास लागतात. त्यांतले १०० प्रमुख वैमानिक म्हणून. एवढ्या शिदोरीवर, एअरबस ए-३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) मिळवून, उमेदवार थेट जेटच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, आसनावर बसू शकतो. उलट सेस्नासारख्या छोट्या विमानावर हजार तास शिकवलेल्या प्रशिक्षकाला याच दाराशी ताटकळावे लागते. त्याचे तास पी-वनचे असले, तरी सुकाणू बराच वेळ विद्यार्थ्याच्या हाती असते, विमान हलके असते आणि कॉकपिटमध्ये दोघांनी कामे वाटून घेण्याची शिस्त वेगळी असते. तरीही चुकणाऱ्या हातावर लक्ष ठेवण्याची त्याला लागलेली सवय कंपन्या कमी लेखतात, असे म्हणायला जागा आहे.

अमेरिकेने उलटा मार्ग धरला. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या कायद्याने २०१३पासून सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांची अट आली; लष्करी वैमानिकाला ७५० तासांची सवलत. गंमत अशी, की त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० हून अधिकच होते.

लष्करी तासांतही फरक आहे. लढाऊ विमानाचे उड्डाण बहुधा तासाभराचे, त्यामुळे बेरीज लहान दिसते. मालवाहू एएन-३२ चा वैमानिक तास लवकर जमवतो आणि चमूत काम करून आलेला असतो. हेलिकॉप्टरच्या तासांना विमानाच्या भरतीत मोल कमीच.

अनुभवी उमेदवारांत सर्वाधिक भाव त्याच प्रकारच्या विमानावरील अलीकडच्या तासांना. येथेही तासाचे माप फसवे असते. एटीआरसारख्या छोट्या प्रवासी विमानाचा वैमानिक छोट्या मार्गांवर दिवसात चार-चार वेळा विमान उतरवतो. लांब पल्ल्याच्या एका उड्डाणात चौघा वैमानिकांच्या वाट्याला मिळून एकच अवतरण येते. म्हणून मुलाखतीत तासांबरोबर ‘सेक्टर (उड्डाण ते अवतरण असे टप्पे) किती?’ हेही विचारतात, लॉगबुकातल्या नोंदी पडताळतात आणि पुष्कळदा उमेदवाराला सिम्युलेटरमध्ये बसवून एक इंजिन बंद करतात.