साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. रोगाचे मूळ कोंदट, अंधाऱ्या घरांत आहे अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

पण घरात ‘पुरेसा उजेड’ आहे हे ठरवायचे कसे? उत्तर भूमितीने दिले. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ च्या व्याख्यानात ६३.५ अंशांच्या नियमाचा पुरस्कार केला. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिने जमिनीशी केलेला कोन याहून मोठा नसावा. या कोनाचे टॅन्जंट जवळजवळ २ आहे. म्हणजे मधे १५ फूट मोकळी जागा असेल, तर समोरची इमारत सुमारे ३० फूटच उंच हवी.

गंमत अशी, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्येच दाखवले होते. मूळ समजूत चुकीची ठरली, तरी उजेड आणि हवा घराला हवीच होती. मात्र मोकळी जागा सोडली की खोल्या कमी होतात. ट्रस्टने पाडलेल्या घरांतले कित्येक गरीब रहिवासी शेजारच्या वस्त्यांत जाऊन दाटले.

शाळेजवळच्या दोन इमारतींमधला हा कोन मुलांना मोजायला सांगावा. नियमात न बसणारी घरे पाडली, तर तिथली माणसे कुठे जातील, हेही विचारावे.