अ‍ॅनिमेशन कॉलेजसाठी पोर्टफोलिओ: मोबाईल हाताशी असेल तर तयारी कशी करायची?

पोर्टफोलिओ म्हणजे तुमच्या निवडक चित्रांचा संच. तुम्हाला नीट बघता येतं का आणि बघितलेलं कागदावर जिवंत करता येतं का, हे त्यातून कळतं. म्हणूनच नारुतो किंवा गोकूची हुबेहूब नक्कल इथे फारशी कामाची नाही, मग इन्स्टावर तिला कितीही लाईक्स असोत! अमेरिकेतल्या कॅलआर्ट्ससारख्या संस्थेत प्रत्यक्ष माणसं बघून काढलेल्या चित्रांना मोठं वजन असतं.

मग सुरुवात कुठून? स्केचबुक घेऊन एसटी स्टँडवर बसा. पेंगणारे आजोबा, पिशव्या सांभाळणारी बाई, अंग खाजवणारं कुत्रं. प्रत्येकाला फक्त 30 सेकंद द्या. नाक-डोळे विसरा, पाठीचा बाक कसा आहे आणि वजन कोणत्या पायावर आहे तेवढं पकडा. याला जेश्चर ड्रॉइंग म्हणतात. सुरुवातीची पन्नासेक चित्रं गचाळ येतील, येऊ द्या. फोटोवरून मात्र काढू नका, कारण फोटोत हालचाल आधीच गोठलेली असते.

हालचालीसाठी फ्लिपाक्लिप अ‍ॅप पुरेसं आहे. सेकंदाला 12 फ्रेम ठेवून उसळणारा चेंडू करा, म्हणजे 2 सेकंदांसाठी 24 चित्रं. चेंडू वर पोहोचतो तिथे चित्रं जवळजवळ हवीत, जमिनीजवळ लांब लांब. हे अंतर चुकलं की चेंडू फुग्यासारखा तरंगतो.

एआयने चित्र बनवून टाकायचा मोह टाळा. मुलाखतीत 'हा हात असाच का काढलास?' विचारलं तर काय सांगणार?

कागदावरच्या चित्रांचे फोटो दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून आणि फोन कागदाला समांतर धरून काढा. स्कॅनर अ‍ॅपच्या ब्लॅक अँड व्हाईट मोडमध्ये पेन्सिलच्या फिक्या रेषा उडून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी घसरते.

आणि हो, सगळीकडे पोर्टफोलिओ लागतोच असं नाही. बी.डेस.साठी अहमदाबादच्या एनआयडीत डॅट ही परीक्षा असते, तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत यूसीडच्या रँकवर प्रवेश मिळतो. अर्थात, या परीक्षांतही चित्र काढायला लावतात, त्यामुळे स्टँडवरची स्केचबुकं वाया जात नाहीत. जिथे पोर्टफोलिओ मागतात, तिथे चित्रांची संख्या आणि फाईलची साईज त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच पीडीएफ बनवा.